तळपदे यांचें 'मरुत्सखा' विमान : बखर आणि कागद

मुंबईचे कै. शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांनीं इ. स. १८९५ सालीं गिरगांव चौपाटीवर स्वतः बांधलेलें विमान उडवून दाखविलें, ही गोष्ट हल्लीं इतक्या ठिकाणीं व इतक्या निःशंकपणें सांगितली जाते कीं, तिच्याविषयीं प्रमाण विचारणें हाच अविनय समजला जाऊं लागला आहे. २०१५ च्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस तळपदे यांच्या जीवनावर रचलेला 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. आणि तेव्हांपासून या कथेस जें उधाण आलें तें अद्याप ओसरलेलें नाहीं. स्मरणिका, शाळांतील व्याख्यानें, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, सर्वत्र तींच वाक्यें थोड्याबहुत फेरफारानें आढळतात. इतिहासाचे अभ्यासक मात्र या विषयाकडे बहुधा पाठ फिरवितात. एका पक्षास ही कथा चर्चेच्या योग्यतेची वाटत नाहीं, दुसऱ्यास ती चर्चेच्या पलीकडची वाटते. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत. घरीं विमान बांधणें ही एक घडलेली किंवा न घडलेली गोष्ट आहे. एखाद्या गढीच्या बांधकामाचा किंवा वतनाच्या तंट्याचा तपास ज्या रीतीनें करावयाचा, त्याच रीतीनें हिचाही करतां येतो. तसा तो प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम कथेचा पाठ पाहूं. तळपदे हे पाठारे प्रभु ज्ञातीचे, चिराबाजारांत राहणारे, सर ज. जी. कलाशाळेशीं संबंध असलेले गृहस्थ. त्या शाळेंतील चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळें त्यांस वेदांतील विमानविद्येची गोडी लागली. स्वामी दयानंदांच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथांत 'नौविमानादिविद्या' असें एक प्रकरणच आहे. तें त्यांनीं वाचलें व त्यावरून विमान बांधावयास घेतलें. यंत्र तयार झाल्यावर तें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या समक्ष चौपाटीवर उडविलें. तें माणसावांचून १५०० फूट उंच चढून खालीं आलें. 'केसरी'नें ही वार्ता छापली. पुढें द्रव्याच्या अभावीं काम थांबलें व यंत्र एका परकी पेढीस विकलें गेलें. कित्येक लेखक यांत पाऱ्यावर चालणाऱ्या इंजिनाची भर घालतात, आणि यंत्राचा आराखडा 'वैमानिकशास्त्र' या संस्कृत ग्रंथांतून घेतला होता असें सांगतात.

हा पाठ एकसंध नाहीं, हें वाचतांक्षणींच दिसतें. एका परंपरेप्रमाणें यंत्र विकलें गेलें. दुसऱ्या परंपरेप्रमाणें, म्हणजे पाठारे प्रभूंच्या इतिहासाचे लेखक प्रताप वेलकर यांनीं कुटुंबीयांकडून ऐकून जी नोंदविली तीप्रमाणें, त्याचा सांगाडा तळपदे यांच्या निधनानंतरही पुष्कळ काळ घरांत पडून होता, व मुलें त्यांत बसून उडण्याचा खेळ खेळत. विकलेला सांगाडा घरांत पडून राहूं शकत नाहीं. उड्डाणाच्या अवधीविषयीं व उंचीविषयींही सांगणारे एकमेकांशीं जुळत नाहींत. 'कांहीं मिनिटें उडालें' असें जें पं. सातवळेकरांच्या नांवावर सांगितलें जातें, तें १५०० फुटांच्या गोष्टीहून पुष्कळच संयत आहे.

नांवाचाही घोळ आहे. कोणी 'मरुत्सखा' लिहितात, कोणी 'मरुत्शक्ति'. आमच्या मतें पहिला पाठ मूळचा. 'वायूची शक्ति' हें कोणासही सुचणारें नांव आहे. परंतु 'मरुत्सखा' हें ऋग्वेदांत अग्नीस व सरस्वतीस लावलेलें विशेषण असून त्याचा विग्रह 'मरुत् ज्याचे सखे आहेत तो' असा बहुव्रीहि होतो. नुसता 'वायूचा मित्र' असा तत्पुरुष करूं गेल्यास पाणिनीच्या नियमाप्रमाणें 'मरुत्सखः' व्हावयास पाहिजे. तेव्हां नांव ठेवणारा वेद वाचलेला होता, आणि इंग्रजी अक्षरांतून परत मराठींत येतांना पुढील लेखकांनीं त्या नांवाची 'शक्ति' करून टाकली, असें अनुमान निघतें. कथेच्या या एका अंगास तरी जुनेपणाचा वास आहे, हें नमूद करणें न्यायाचें होईल.

आतां प्रमाणाकडे वळूं. बखर व अस्सल कागद यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. सभासदानें १६९७ त लिहिलेली बखर व चिटणिसांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेली बखर शेजारीं ठेवल्या म्हणजे काळाचें अंतर वाढतें तसतसे प्रसंग कसे अधिक रसाळ, संवाद कसे अधिक मुद्देसूद व चमत्कार कसे अधिक नेमके होत जातात, हें कळतें. उलट अस्सल कागद नीरस असतो. त्यांत दाणावैरणीचा हिशेब असतो, कोणाचा बैल मेला तें असतें, चुन्याची भट्टी केव्हां लावली तें असतें. गडाचें बांधकाम खरोखर झालें कीं नाहीं हें चुन्याच्या हिशेबावरून ठरतें. विमानाच्या बाबतींत हा चुना कोणता, हें ठरविण्यासाठीं विमान घरीं बांधतात तें कसें, याची थोडी माहिती करून घेतली पाहिजे. आणि आमच्या आढळांत आलेल्या सर्व लेखकांनीं नेमका हाच भाग वगळला आहे.

घरीं विमान बांधणें ही आज जगांत नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अमेरिकेंत अशा हौशी बांधणाऱ्यांची एक मोठी संस्था १९५३ पासून चालू आहे, आणि तेथील कायद्यानें अशा विमानास वेगळा वर्ग दिलेला आहे. त्या वर्गांत बसण्यासाठीं विमानाचा निम्म्याहून अधिक भाग बांधणारानें स्वतःच्या शिक्षणासाठीं वा करमणुकीसाठीं स्वहस्तें केलेला असावा लागतो, व तसें दाखविण्याकरितां तो पहिल्या दिवसापासून रोजनिशी व छायाचित्रें ठेवतो. काम बहुधा शेपटीच्या लहान पृष्ठांपासून आरंभितात, कारण तेथें बिघडलेला तुकडा स्वस्त पडतो. लांकडी विमान असल्यास पंखांच्या फांसळ्या एका सांच्यावर एकामागून एक सारख्या चिकटवितात; धातूचें असल्यास पत्र्यास हजारों भोकें पाडून, प्रत्येक भोंकाची धार मारून, रिव्हेट ठोकतात. सांगाडा उभा राहिला कीं पाहणारास वाटतें आतां उडेल. वस्तुतः खरें काम तेव्हां सुरू होतें. पंखांवर कापड ताणून बसवावयाचें, तें मेणलावल्या दोऱ्यानें प्रत्येक फांसळीस टांक्यांनीं शिवावयाचें, टांक्यांवर पट्ट्या चिकटवावयाच्या, मग डोप नांवाच्या रोगणाचे हात द्यावयाचे. या रोगणानें कापड आक्रसून ढोलाच्या कातड्यासारखें ताठ होतें. नंतर उन्हानें कापड कुजूं नये म्हणून ॲल्युमिनियमची पूड मिसळलेले हात, व शेवटीं रंग. प्रत्येक हात म्हणजे वजन. म्हणून रंग झाल्यावर विमान तीन चाकांखालीं तीन तराजू ठेवून तोलतात, व त्यावरून गुरुत्वमध्य कोठें पडतो तें गणित करून कागदावर मांडतात. तो मध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागें गेला तर सुंदर रंगविलेलें विमान माणूस मारतें. पुढें इंजिन जमिनीवर चालवून पाहणें, धांवपट्टीवर धांवविणें, सरकारी तपासनिसाची पाहणी, आणि नेमून दिलेल्या प्रदेशांत बहुधा २५ किंवा ४० तासांचीं चांचणी-उड्डाणें. यांपैकीं एकही पायरी कागदावांचून पुरी होत नाहीं.

कोणी म्हणेल, हे नियम आजचे. १८९५ सालीं ते कोठें होते? नियम नव्हते हें खरें, पण कागद होते. अमेरिकेंत डेटन येथें सायकलींचें दुकान चालविणाऱ्या राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकजवळ जें विमान उडविलें तें घरगुती कामच होतें. कोणत्याही सरकारनें त्यांस कागद ठेवावयास सांगितलें नव्हतें. तरीही त्यांच्या वह्या आहेत, पत्रें आहेत, वडिलांची रोजनिशी आहे, वडिलांस केलेली तार आहे, आणि विमान रुळावरून उचललें गेलें त्या क्षणाचें छायाचित्र आहे. १९०१ सालीं त्यांनीं लांकडी पेटींत वारा सोडून लहान लहान पंखांचीं जीं मापें घेतलीं, त्यांचे तक्ते आहेत. लांकूड स्प्रूसचें व ॲशचें होतें, कापड साधी बिनधुतलेली मलमल होती व ती तिरक्या विणीनें बसविली होती. तिला डोप मुळींच नव्हतें. चार सिलिंडरांचें इंजिन त्यांच्या दुकानांतील कारागीर चार्ल्स टेलर यानें बनविलें. पंख्यांस गति देणाऱ्या सांखळ्या सायकलीच्याच जातीच्या होत्या. एकंदर खर्च १००० डॉलरांच्या आंत आला. पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें व १२० फुटांचें, चौथें व शेवटचें ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें. हे आंकडे किती दीन आहेत पाहा! पंधराशें फुटांच्या चढाईपुढें बारा सेकंद म्हणजे कांहींच नव्हे. पण याच दीनपणावर इतिहासकार विश्वास ठेवतो.

आपल्याकडीलही एक उदाहरण देतों. १९१० सालीं मद्रासेस हॉटेल चालविणाऱ्या जाकोमो द'आंजेलिस या कॉर्सिकाच्या गृहस्थानें स्वतःच्या कल्पनेप्रमाणें एक विमान सिम्पसन कंपनीच्या घोडागाड्यांच्या कारखान्यांत बांधवून घेतलें व तें उडविलें. ही गोष्ट लंडनच्या 'फ्लाइट' साप्ताहिकांत त्याच वर्षीं छापून आली. त्याच्यामागें ना संप्रदाय होता, ना संस्कृत ग्रंथ. परंतु गाडी बनविणाऱ्या सुतारांचा कारखाना होता, म्हणून वार्तेस आधार राहिला.

अधिक जवळचें उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचें. व्यवसायानें वैमानिक असलेल्या या मराठी गृहस्थांनीं मुंबईच्या कांदिवली उपनगरांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. पूर्वीचे दोन प्रयत्न साधले नाहींत, हा तिसरा. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत ठेवण्यासाठीं गच्चीवरून सुटे भाग करून खालीं उतरवावें लागलें. त्यानंतर नोंदणीसाठीं सरकारी कचेऱ्यांशीं दीर्घ पत्रव्यवहार झाला; नोव्हेंबर २०१७ मध्यें व्हीटी-एनएमडी हें नोंदणीचिन्ह मिळालें; चांचणी-उड्डाणाचा परवाना मिळावयास २०१९ उजाडलें. तयार झालेलें यंत्र व उडूं दिलेलें यंत्र यांच्या मध्यें एवढीं वर्षें गेलीं. पुढील शतकांतील संशोधकास हें विमान बांधलें गेलें कीं नाहीं असा संशय येणार नाहीं. अर्जांच्या, नकारांच्या व फेरअर्जांच्या गठ्ठ्यानेंच त्याची खात्री पटेल. आमच्या दृष्टीनें तो गठ्ठा विमानाइतकाच मोलाचा आहे.

हा चुना हातीं घेऊन आतां चौपाटीवर जाऊं. तळपदे यांच्या यंत्राचें वजन किती? कोणी सांगत नाहीं. पंखांची लांबी? नाहीं. कापड कोणतें, त्यावर रोगण कोणतें, सांधे सरसानें जोडले कीं तारेनें बांधले, ओतकाम कोणत्या कारखान्यांत झालें, चौपाटीपर्यंत यंत्र बैलगाडींतून नेलें कीं हमालांच्या खांद्यावरून? याविषयीं कथा पूर्ण मौन धरते. ती बोलते तें फक्त पाहुण्यांविषयीं, उंचीविषयीं व इंजिनाच्या अद्भुततेविषयीं. म्हणजे ज्या तीन गोष्टी घरांत काम करणाऱ्या माणसाऐवजीं गर्दींतून पाहणाऱ्यास किंवा नुसतें ऐकणाऱ्यास सुचाव्यात, त्यांविषयीं. ज्यानें एकदां तरी हातानें फांसळी चिकटविली आहे अशा माणसाचें एकही वाक्य तींत उतरलेलें नाहीं. ही गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक बोलकी वाटते.

बाह्य प्रमाणाचीही तीच स्थिति. 'केसरी' त्या काळीं साप्ताहिक होता. वर्षाचे अंक पन्नासांच्या आसपास. त्याच्या जुन्या फायली नष्ट झालेल्या नाहींत. असें असतां ज्या ज्या लेखांत 'केसरी'चा हवाला आम्हीं वाचला, त्यांपैकीं एकांतही अंकाची तारीख दिलेली नाहीं. तारीख नसलेला हवाला हा हवालाच नव्हे, हें शिक्षकाच्या नात्यानें आम्हीं आयुष्यभर मुलांस सांगत आलों. मुंबईंत त्या वेळीं 'टाइम्स ऑफ इंडिया' होता, 'इंदुप्रकाश' होता, 'मुंबई समाचार' होता. भर चौपाटीवर, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व बडोद्याचे महाराज उपस्थित असतांना, एक यंत्र पंधराशें फूट वर चढतें, आणि या सर्वांपैकीं एकाच्याही रकान्यांतील उतारा आजपर्यंत कोणी छापून दाखवीत नाहीं, हें विलक्षण आहे. न्यायमूर्तींचें जीवन त्यांच्या पत्नीनें लिहिलें, महाराजांच्या प्रत्येक प्रवासाची दरबारीं नोंद होत असे. तेथूनही या प्रसंगाचा आधार कोणी पुढें आणलेला नाहीं.

असें उड्डाण त्या काळीं अशक्य होतें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ६ मे १८९६ रोजीं अमेरिकेंत पोटोमॅक नदीवर प्रो. लँग्ले यांचें माणसावांचूनचें वाफेचें यंत्र सुमारें ३३०० फूट अंतर उडालें होतें. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारें १४ फूट होता. तेथें टेलिफोनचे शोधक ग्रॅहॅम बेल हजर होते. त्यांनीं छायाचित्र घेतलें व जें पाहिलें तें 'नेचर' पत्रांत स्वतःच्या सहीनें प्रसिद्ध केलें. तेव्हां १८९५ सालीं मुंबईंतील एखाद्या कुशल कलाशिक्षकानें लहानसें यंत्र हवेंत उचललें असतें तर आम्हांस आश्चर्य वाटलें नसतें, आनंदच झाला असता. प्रश्न साक्षीदाराच्या सहीचा आहे.

पाऱ्याच्या इंजिनाविषयीं दोन शब्द पुरेत. विद्युद्भारित पाऱ्याचे कण फेंकून रेटा मिळविण्याची युक्ति खरी आहे. १९६४ सालीं अमेरिकेनें ती अवकाशांत चांचणीसाठीं धाडली. परंतु ती निर्वात प्रदेशांतच चालते, आणि त्या चांचणींतील यंत्राचा रेटा एखाद्या कागदाच्या तावाच्या वजनाएवढा होता. चौपाटीवरील हवेंत त्यानें टोपीही हलली नसती. जुन्या कथेंत ही भर १९६४ नंतरच्या वाचनानें पडली असावी असा आमचा तर्क आहे. बखरींत मागाहून घुसडलेल्या प्रकरणाप्रमाणें तिची शैलीच वेगळी आहे.

आतां 'वैमानिकशास्त्रा'कडे. हा ग्रंथ भरद्वाज महर्षींचा, त्यावर बोधानंदांची वृत्ति, असें म्हणतात. वस्तुस्थिति अशी कीं, म्हैसूर प्रांतांतील पं. सुब्बराय शास्त्री यांनीं तो अंतःस्फूर्तीनें प्राप्त झाला म्हणून १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगितला व तो वह्यांतून उतरवून घेण्यांत आला. आकृत्या १९२३ सालीं बंगळूरच्या एका नकाशाकाराकडून काढवून घेतल्या. हिंदी आवृत्ति १९५९ ची, जी. आर. जोसियर यांची म्हैसूरची इंग्रजी आवृत्ति १९७३ ची. तळपदे १९१६ सालीं वारले. तेव्हां १९१८ सालीं सांगावयास आरंभलेल्या ग्रंथावरून त्यांनीं १८९५ सालीं विमान बांधलें, हें विधान कोणत्या पंचांगानें जमतें तें सांगणारांनींच सांगावें. शास्त्रीबुवांशीं तळपदे यांचा उत्तरायुष्यांत परिचय झाला होता असें दिसतें. परंतु त्या संबंधाविषयीं जें नमूद आहे तें कथेच्या उलट जाणारें आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभु व गोविंदराजु या पांच अध्यापकांनीं १९७४ सालीं या ग्रंथाचें जें परीक्षण प्रसिद्ध केलें, त्यांत तळपदे यांच्या साह्यानें प्रतिकृति करण्याचे प्रयत्न झाले, पण त्या उडाल्या नाहींत, असें म्हटलें आहे. ग्रंथाची भाषा अर्वाचीन असून रचना १९०४ च्या पूर्वीची नाहीं, व त्यांतील शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या चारही विमानांत उडण्याचे गुण नाहींत, असा त्यांचा निर्णय आहे. भाषेविषयीं आम्हीं स्वतंत्रपणें वाचून पाहिलें. अनुष्टुभ् छंद सरळ वाहतो, वैदिक रूप एकही नाहीं, आणि ज्या पूर्वाचार्यांचे दाखले दिले आहेत त्यांतील पुष्कळांचीं नांवें इतरत्र कोठेंही ऐकूं येत नाहींत. वैमानिकानें जाणावयाचीं बत्तीस रहस्यें आहेत, त्याच्या आहाराचे व वस्त्रांचे नियम आहेत; परंतु विमान तोलावें कसें याचा एक श्लोक नाहीं. विमान हा शब्द ज्या 'मा' धातूपासून निघाला त्याचा अर्थ मोजणें. मोजमापावांचूनच्या या ग्रंथास तें नांव शोभत नाहीं.

याच्या शेजारीं भोजराजाचा 'समरांगणसूत्रधार' ठेवावा. अकराव्या शतकांतील हा खरा शिल्पग्रंथ. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत म. म. गणपतिशास्त्री यांनीं १९२४–२५ त दोन भागांत प्रसिद्ध केला. त्याच्या यंत्रविधान नामक एकतिसाव्या अध्यायांत हलक्या लांकडाचा मोठा पक्षी करून त्याच्या पोटांत अग्नि व पारा ठेवावा, म्हणजे आंत बसलेला पुरुष दूर जातो, असें वर्णन आहे. पण भोज पुढें स्पष्ट सांगतो कीं, यंत्रांची घडण येथें दिलेली नाहीं, ती गुप्त राहावी म्हणून. न कळल्यामुळें नव्हे. त्याचें हें कारण खरें मानावें कीं न मानावें हा वेगळा प्रश्न. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हें कीं, प्राचीन ग्रंथकार आपला ग्रंथ बांधणीचा नाहीं हें स्वतः कबूल करतो; बांधणीचा म्हणून तो खपविणारे आपण आहोंत.

आणि बांधणीचा खरा ग्रंथ कसा असतो? १९३४ सालीं फ्रान्समध्यें आंरी मिन्ये या हौशी गृहस्थानें 'ल स्पोर द ल'एर' हें पुस्तक लिहून आपलें 'पू द्यु सिएल', म्हणजे 'आकाशांतील ऊ', हें चिमुकलें विमान कसें बांधावें तें सांगितलें. लांकडाच्या पट्टीपासून खिळ्यापर्यंत सर्व मापें दिलीं. ज्यास पेटी करतां येते त्यास विमानही करतां येईल अशा थाटाचें तें पुस्तक वाचून फ्रान्स व इंग्लंड येथें अनेकांनीं घराच्या माळ्यावर विमानें बांधलीं, तीं उडालीं, आणि कांहीं उलटून बांधणारे मेले. मग दोन्ही देशांत तीं वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवून तपासलीं, तेव्हां मागच्या व पुढच्या पंखांतील अंतरामुळें सुळकी मारल्यावर विमान सांवरत नाहीं असा दोष निघाला, व उड्डाणांवर बंदी आली. ग्रंथ इतका नेमका होता कीं त्याच्यावरून यंत्र घडलें, आणि म्हणूनच त्यांतील चूक पकडतां आली. 'वैमानिकशास्त्रा'वरून आजवर कोणी मेलेला नाहीं. त्याचे अभिमानी हें भूषण समजत असतील तर समजोत.

हा वाद केवळ पांडित्याचा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहकांनीं आम्हांस विमानविद्येची 'तीनशें वर्षांची' पोथी दाखविली. तिच्यासाठीं त्यांनीं एका दलालास पुष्कळ रक्कम दिली होती. कागद गिरणीचा, कडा चहाच्या पाण्यांत बुडविल्यासारख्या तांबूस, आणि अक्षरांची ठेवण मागील शतकांतील छापील पुस्तकांवरून गिरवलेली. मजकूर हिंदी आवृत्तींतील, तिच्यांतील मुद्रणदोषांसकट! लेखकूनें जेथें छापखान्याचा विसर्ग गळला होता तेथें स्वतःही गाळला होता. तें गृहस्थ सज्जन होते. त्यांनीं पोथी बासनांत बांधून ठेवली व पुढें कोणास दाखविली नाहीं. परंतु अशा पोथ्यांस गिऱ्हाइक आहे तोंवर त्या तयार होत राहणार, आणि त्यांच्यापायीं संग्राहकांचा जो पैसा जातो तो खऱ्या कागदांच्या वाट्याचा असतो.

मग तळपदे यांच्याविषयीं काय उरतें? आमच्या मतें बरेंच उरतें. कलाशाळेंतला एक माणूस नोकरी सांभाळून, घरच्या पैशानें, माहितगार कारागिरांवांचून उडणारें यंत्र बांधावयास बसला. घरांत एक सांगाडा होता, ज्यांत मुलें खेळत. 'प्राचीन विमानकलेचा शोध' हें पुस्तक त्यानें लिहिलें. आणि उतारवयांत, जगांत विमानें उडूं लागल्यावरही, त्यानें नाद सोडला नाहीं. मुलें ज्यांत बसत तो सांगाडा आम्हांस चौपाटीच्या उड्डाणाहून अधिक खरा वाटतो. कारण त्या आठवणींत बढाई नाहीं. उलट, तें यंत्र घरांतच राहिलें ही त्यांतील कबुली आहे. यावरून आमचा निर्णय असा कीं, यंत्राची बांधणी संभवनीय. तें पुरें झालें होतें कीं नाहीं हें अनिश्चित. १८९५ चें उड्डाण प्रमाणाभावीं असिद्ध. 'वैमानिकशास्त्रा'शीं १८९५ चा संबंध अशक्य. उड्डाणाच्या कथेनें या माणसावर उपकार केला असें आम्हांस वाटत नाहीं. तिनें त्याचीं वर्षांनुवर्षांचीं खटपट व अपयश पुसून त्यांच्या जागीं एका संध्याकाळची जत्रा भरविली.

संग्राहक वाचकांस विनंति आहे कीं, त्यांनीं विमानाच्या पोथ्यांचा पिच्छा सोडून पुढील वस्तूंवर लक्ष ठेवावें : चिराबाजार, गिरगांव व ठाकुरद्वार भागांतील जुन्या लांकडाच्या वखारींच्या व ओतकाम करणाऱ्यांच्या हिशेबवह्या, १८९० ते १९१६ पर्यंतच्या, पाठारे प्रभु कुटुंबांतील खासगी पत्रें, लग्नपत्रिकांच्या पाठीवर केलेल्या टिपणांसह, कलाशाळेच्या हजेरीचे व रजेचे कागद, आणि तळपदे यांच्या पुस्तकांच्या अशा प्रती, कीं ज्यांच्या समासांत कोणी आंकडे मांडले आहेत. 'केसरी'च्या १८९५ च्या फायलींतील तो उतारा कोणास सांपडल्यास अंक, पृष्ठ व रकाना यांसह पाठवावा. पुढील अंकांत तो अग्रभागीं छापण्यांत येईल. कांदिवलीच्या विमानाचे कागदही अद्याप ताजे आहेत व एकाच घरांत आहेत. त्यांची सूची कोणी आतांच करून ठेवील तर पन्नास वर्षांनीं ती शोधत हिंडावें लागणार नाहीं. सूचीसाठीं कोऱ्या फर्मांचा संच मागितल्यास टपालानें पाठविला जाईल.